पाठमोरा मंत्री

मंत्री हसले की आमच्या मल्लूआण्णांचं डोकं फिरायचं.

"सायेब, हसू नगासा!" भर सभेत ते कॅमेऱ्यामागून ओरडायचे. "हसला की तुमी सगळी सारखीच दिसतायसा!"

आण्णा कोल्हापुरात आमचे शेजारी. मूळचे गडहिंग्लजकडचे, म्हणून प्रेमात मराठी आणि पार संतापले की कन्नड. एका दैनिकाचे फोटोग्राफर. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. शहरात एसटीडी बूथ वाढत होते, पुढारी वाढत होते, टांगे तेवढे कमी होत होते. आण्णा पुढाऱ्याचा एक फोटो नोकरीसाठी काढायचे आणि लगेच गर्दीकडे वळायचे.

"अहो, मंत्री तिकडं आहेत!" संपादक कळवळायचे.

"त्यो कुठं पळतोय? ही म्हातारी पुना गावंल व्हय?"

सख्ख्या पुतण्याच्या वरातीत त्यांना लुगडं नेसून लुना चालवणारी भाजीवाली दिसली. आण्णा वरात सोडून तिच्यामागं धावले. लग्नाचे फोटो धुऊन आले, तर निम्मे लुनाचे. पुतण्या वर्षभर बोलला नाही.

पुढं पेपरात डिजिटल कॅमेरे आले, आण्णा निवृत्त झाले. पेठेतल्या तालमीनं त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला मंत्री यायचे होते.

"आण्णा, सायबांचा मोठ्ठा फोटो दारातच पायजे," कार्यवाहांनी बजावलं.

आण्णांनी लावला. मोठ्ठाच. पण पाठीमागून काढलेला. मंत्र्यांची पाठ, वर उचललेला हात, समोर उन्हात मांडी घालून बसलेली माणसं आणि पहिल्या रांगेत भलीमोठी जांभई देणारी एक आजी. कार्यवाहांना घाम फुटला. फोटो उतरवायला ते धावले, तोवर गाडी दारात आली.

मंत्री फोटोपुढं थांबले. "आण्णा, माझं तोंड कुठं हाय?"

"ते रोज पेपरात असतंय की. ह्यांचं कवा येतंय?"

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "आगं बया, ही तर मीच!" तीच आजी, पदर सावरत पुढं आली.

"आजी, भाषण वंगाळ झालतं व्हय?" मंत्र्यांनी विचारलं.

"न्हाय की. ब्येस झालतं. पर लई लांब झालतं."

हॉल दणाणला. मंत्रीच पोट धरून हसले. मग पेठ आत घुसली. लुनावाली नातवंडांना घेऊन आली. म्हातारा टांगेवाला आपल्या घोड्याच्या फोटोला हात लावून उभाच राहिला. ते बघून आण्णा खुर्चीवर चढले आणि गरजले, "ज्येचा फोटू, त्येनं घरला न्यायचा!"

माणसं स्वतःलाच काखेत मारून बाहेर पडली. हलगी कडाडली. तालमीच्या पोरांनी आण्णांना खांद्यावर घेऊन चौकात नाचवलं.

संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेलो. आण्णा एकटेच राहायचे. कुणाला कधी आत घेत नसत, सगळ्या गप्पा कट्ट्यावर. त्या दिवशी मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. चारी भिंतींवर नुसते खिळे. आजवर ती सगळी माणसं इथंच राहत होती.

आण्णांनी दिवा लावला. सवयीनं भिंतीकडं बघून काहीतरी बोलायला गेले आणि थांबले.

"च्या टाकू व्हय रं?" माझ्याकडं न बघताच म्हणाले. "बस जरा. घर लई गप झालंय."

मी चपला काढल्या आणि बसलो.