पालकांनी समक्ष भेटावे

तात्याराव वाकळे गुरुजींना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी सकाळचे अकरा वाजले की त्यांचा हात हजेरीपटाकडे जायचाच. बोरीच्या जिल्हा परिषद शाळेत सदतीस वर्षं घेतलेली हजेरी अशी सहजासहजी सुटते होय? वर्ग राहिला नव्हता, म्हणून गुरुजींनी एकाच विद्यार्थ्याचा वर्ग चालवायला घेतला होता. हा विद्यार्थी म्हणजे खासदार गोपाळराव ढोणे. गाव चारठाणा, पण तिसरी-चौथीला मामाकडे बोरीत राहून गुरुजींच्या हाताखाली शिकलेला. संसदेचं अधिवेशन लागलं की गुरुजी टीव्हीसमोर बसत, मांडीवर हजेरीपट घेत आणि गोपाळ दिसला तर 'ह', नाही दिसला तर 'गै' लिहीत.

सून रोहिणीनं त्यांना सांगून पाहिलं होतं, की मामंजी, कॅमेरा बोलणाऱ्यावरच असतो, मागच्या बाकावरचा माणूस दिसायचा कसा? गुरुजींना पटलं नाही. मागच्या बाकावर बसणाऱ्यांचा त्यांना जन्माचा अनुभव होता. शेवटी रोहिणीनं मोबाईलवर खासदारांच्या कामगिरीचं पान उघडून दाखवलं. उपस्थिती एक्केचाळीस टक्के. वर्षभरात विचारलेले प्रश्न तीन. यंत्रानं नोंदवलेली मतदानं सात झाली, त्यात गोपाळरावांनी बटण दाबलं दोनदा.

"एक्केचाळीस," गुरुजी म्हणाले. "गणितात बी त्याला एवढेच पडायचे."

आता नुसतं चिडून भागण्यासारखं नव्हतं, कारण शाळेचा शतकमहोत्सव तोंडावर आला होता. गुरुजी समितीचे अध्यक्ष, आणि प्रमुख पाहुणे हेच गोपाळराव. शाळेच्या दोन खोल्यांवरचे पत्रे पार कुजले होते. पावसाळाभर पहिली-दुसरीची पोरं व्हरांड्यात बसायची, अन् वारा उलटा आला की तिथंही भिजायची. समितीचे सचिव व्यंकटराव यांनी बेत पक्का केला होता. पाहुण्यांना फेटा बांधायचा, हातात माईक द्यायचा आणि हजार माणसांसमोर दोन खोल्या मागायच्या. तशा अवस्थेत नाही म्हणणारा पुढारी व्यंकटरावांनी अजून पाहिला नव्हता.

तारीखही गुरुजींनीच काढली होती. शाळेचा सगळ्यात जुना हजेरीपट निजामाच्या काळातला, उर्दूत लिहिलेला. परभणीच्या एका मौलवीसाहेबांकडून गुरुजींनी तो वाचून घेतला, निजामी राज्यातल्या फसली सनाचा इंग्रजी तारखांशी हिशेब बसवला आणि जाहीर केलं की शाळा डिसेंबरातल्या अमुक तारखेलाच भरली होती. त्या दिवशी आला मंगळवार. रविवार धरा म्हणून लोकांनी विनवलं, पण शाळेचा वाढदिवस सोयीनं बदलायला गुरुजी तयार नव्हते.

तर एका दुपारी ते एक्केचाळीस टक्के गुरुजींच्या डोक्यात फारच ठणकायला लागले. निवृत्तीच्या वेळी शाळेतून आणलेला 'पालकास सूचनापत्र' या छापील फॉर्मांचा एक गठ्ठा त्यांच्या कपाटात होता. निव्वळ मनाच्या समाधानासाठी त्यांनी एक फॉर्म ओढला आणि वळणदार अक्षरात भरला: 'आपला पाल्य चि. गोपाळ हा सतत गैरहजर राहतो. अभ्यासात लक्ष नाही. पालकांनी समक्ष भेटावे.' खाली सही केली, तारीख टाकली. एवढं झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं आणि ते झोपी गेले.

त्याच टेबलावर लक्ष्मीबाई, म्हणजे गुरुजींच्या सौभाग्यवती, निमंत्रणपत्रिका पाकिटांत भरत होत्या. चष्मा सापडत नव्हता. तरी एवढं त्यांना दिसलं, की एका कागदावर गोपाळचं नाव आणि खाली मालकांची सही आहे. पाहुण्यांच्या आईच्या पत्रिकेसोबत धाडायचं हे पत्र असणार, असं समजून त्यांनी तो कागद 'श्रीमती कडूबाई ढोणे, चारठाणा' या पाकिटात घातला. वरून भरपूर डिंक लावला. गुरुजींना उठल्यावर फॉर्म आठवलासुद्धा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कडूबाई दारात उभ्या. चारठाण्याहून जिंतूर आणि जिंतूरहून बोरी अशा दोन एसट्या बदलून आलेल्या. वय पंचाहत्तरीच्या घरातलं, पदर खोचलेला, हातात तो फॉर्म.

"गुर्जी, बलावलं म्हून आले," त्या म्हणाल्या. "पोरगं पुन्हा शाळा बुडवायलंय म्हनं."

गुरुजींनी कपबशी खाली ठेवली. त्यांनी वळून लक्ष्मीबाईंकडे पाहिलं, आणि लक्ष्मीबाई लगबगीनं चहाला आत गेल्या. चूकभूल झाली, तुम्हाला त्रास पडला, असं काहीबाही गुरुजी बोलायला लागले. पण कडूबाईंना चूक कुठं दिसेना. शेजारच्या कस्तुराबाईच्या सुनेनं त्यांना फॉर्म दोनदा वाचून दाखवला होता. चाळीस वर्षांपूर्वी अशीच चिठ्ठी आली होती, तेव्हाही त्या आल्या होत्या आणि आठवडी बाजारात फिरणाऱ्या गोपाळला कान धरून त्यांनी वर्गात आणून बसवलं होतं. शाळेतून बोलावणं आलं की जायचं, एवढं त्यांना माहीत होतं. पोरगा आता दिल्लीच्या शाळेत असला म्हणून काय झालं?

"वही दावा," त्या म्हणाल्या. "कोनकोनत्या दिशी बुडवली, वाचा."

गुरुजी वाचायला लागले. पहिली तारीख ऐकताच कडूबाई म्हणाल्या, त्या दिवशी सोनपेठला दुकानाचं उद्घाटन होतं, गोपाळनं फीत कापली. पुढच्या तारखेला कुणाच्या तरी नातवाचं बारसं. त्यानंतर दोन दिवस कुस्त्या. मराठवाड्यात आमंत्रणाला गेलं नाही तर मत जातं हे त्यांच्या पोरानं त्यांना समजावून सांगितलेलं होतं, आणि प्रत्येक आमंत्रणाची पत्रिका आधी त्यांच्याच घरी येत असल्यामुळे त्यांना सगळं तोंडपाठ होतं. वही पुढे सरकेल तसा गुरुजींचा आवाज बारीक होत गेला, कारण पुढच्या तारखा त्यांना स्वतःलाही ओळखीच्या वाटायला लागल्या होत्या.

"ह्या दिशी तर तुमच्याच सुकेशनीचं लगीन होतं," कडूबाई म्हणाल्या. "तुमीच फोनावर फोन केलते. गोपाळ विमानानं आला."

गुरुजींनी रोहिणीच्या मोबाईलवर तारीख ताडून पाहिली. नातीच्या मंगल परिणयाच्या दिवशी संसदेत एका मोठ्या विधेयकावर यंत्रानं मतदान झालं होतं, आणि त्या वेळी त्यांचा विद्यार्थी बोरीत जिलेबी खात होता. त्याच्या आधीची एक तारीख गुरुजींच्या स्वतःच्या सत्काराची निघाली. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

कडूबाईंना मतदानाचंही समजून घ्यायचं होतं. गुरुजींनी सांगितलं, की बहुतेक वेळा तिथं यंत्र नसतं. अध्यक्ष विचारतात, आणि सगळे मिळून 'हो' किंवा 'नाही' म्हणून ओरडतात. कोण ओरडलं ते लिहून ठेवत नाहीत.

"म्हंजी पाढे म्हनल्यावानी," कडूबाई म्हणाल्या. "मागं बसून नुस्तं तोंड हालवलं तरी चालतंय. ह्यो तसलाच हाय." मग त्यांनी पालकाच्या सहीच्या जागी शाईचा अंगठा उमटवला, फॉर्म गुरुजींच्या हातात दिला आणि तिथूनच लेकाला फोन लावला. "गोपाळ, सुट्टी लागंस्तवर गावाकडं पाय टाकायचा न्हाई. गुर्जींनी रजा दिली तरच यायचं. माजी आन हाय तुला."

फोन ठेवून त्या समाधानानं चहा प्यायल्या. गुरुजींच्या ध्यानात मात्र तेव्हा आलं, की सुट्टी लागणार अधिवेशन संपल्यावर, आणि शतकमहोत्सवाचा मंगळवार त्याच्या आत येतो.

झालं! बातमी तासाभरात गावभर. व्यंकटराव धावत आले. पाहुणा नाही म्हणजे फेटा नाही, माईक नाही आणि खोल्याही नाहीत. "गुर्जी, तुमाला हजेरीच घ्यायची व्हती तर गावातल्या कुनाची बी घ्यायची," ते कळवळून म्हणाले. "खासदाराची कशापायी घेतली?" शाळेवरून जाताना गुरुजींची नजर कुजक्या पत्र्यांकडे जायची आणि ते मान खाली घालून पुढं व्हायचे.

दोन दिवसांनी खासदारांचे स्वीय सहायक सिताराम जीप घेऊन आले. त्यांनी एक कागद गुरुजींपुढे ठेवला. विषय: एक दिवसाची रजा मिळणेबाबत. शाळेच्या शतकमहोत्सवास उपस्थित राहायचे असल्याने मंगळवारची रजा मंजूर व्हावी, ही विनंती. आपला आज्ञाधारक विद्यार्थी, गोपाळ ढोणे. सितारामांनी हळू आवाजात सांगितलं, की साहेब निवडणुकीत कुणाला भ्यायले नाहीत, पण आईची आण मोडायचं त्यांचं काळीज नाही. तुमची सही झाली की सगळे मोकळे.

व्यंकटरावांनी तर पेनाचं टोपणच काढून दिलं. "मारा सही, गुर्जी. दोन खोल्या हायत त्यात."

गुरुजींनी पेन घेतलं आणि ते थांबले. समोर दोन कागद होते. एकावर दोन खोल्या होत्या, दुसऱ्यावर कडूबाईंचा निळा अंगठा. सदतीस वर्षांत त्यांनी आजाराची रजा दिली होती, सोयऱ्याच्या लग्नाची दिली होती. स्वतःच्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवायला या म्हणून एकाही पोराचा वर्ग बुडवला नव्हता. आणि ही तारीख धरून बसलं कोण? आपणच. त्यांनी तांबडं पेन मागून घेतलं आणि अर्जावर लिहिलं: 'रजा नामंजूर. सुट्टीच्या दिवशी यावे.'

सिताराम बघतच राहिले. व्यंकटराव टोपण तिथंच टाकून निघून गेले आणि पंधरा दिवस गुरुजींशी बोलले नाहीत. पारावर बसलेले लोक गुरुजी दिसले की बोलायचं थांबायचे. गुरुजींनी घरात कबूल केलं, की त्यांना रोज सकाळी उठल्याबरोबर ती सही न केल्याचा पश्चात्ताप होतो आणि अकरापर्यंत जातो. लक्ष्मीबाईंनाच काय ते या सगळ्याचं हसू येत होतं, पण चष्मा प्रकरणामुळे त्या ते पदराआड ठेवत.

मंगळवार उजाडला. मांडव भरला, पण माणसं उदास. साडेदहाला सितारामांची जीप आली आणि तिच्यातून कडूबाई उतरल्या. लेकाच्या जागी पालक आले होते. कुणाला काय करावं सुचेना, तेव्हा व्यंकटरावांनीच पुढं होऊन त्यांना प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं. फेटा त्यांच्या मांडीवर ठेवला. सितारामांनी गुरुजींच्या हाती एक पाकीट दिलं. गुरुजींनी ते फोडलं, वाचलं आणि चष्मा पुसून परत वाचलं. मग माईकवर जाऊन त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलं: 'गुरुजी, एका खोलीसाठी माझ्या खासदार निधीतून शिफारसपत्र जोडले आहे. दुसऱ्या खोलीचे मंगळवारी अकरा वाजता सभागृहात विचारतो. प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकतात, त्यात माझा प्रश्न पहिला निघाला आहे. कृपया हजेरी घ्यावी.'

मांडवात टाळ्या उठल्या. शाळेचा मोठा टीव्ही मंचावर आणून लावला. अकरा वाजले. गुरुजींनी हजेरीपट उघडला. गोपाळराव उभे राहिले, नीट पाठ करून आल्यासारखे, आणि खेड्यापाड्यांतल्या पडक्या शाळाखोल्यांचं काय करणार, म्हणून अस्सल मराठीत त्यांनी प्रश्न विचारला. गुरुजींनी टपोरा 'ह' काढला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. व्यंकटरावांनी पंधरा दिवसांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग मंत्री उत्तराला उभे राहिले. ते बराच वेळ बोलले. त्यांच्या बोलण्याचा मतलब एवढाच, की याबाबतची माहिती गोळा करण्यात येत असून ती यथावकाश सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल. गुरुजींनी हे उत्तर सदतीस वर्षं ऐकलं होतं: अभ्यास केलाय गुर्जी, पण वही घरी राहिली.

कडूबाईंनी गुरुजींना खुणेनं जवळ बोलावलं.

"गुर्जी, ह्यो मंत्री कुन्या गावचा?"

"लांबचा आहे. दुसऱ्या राज्यातला."

"आसंल. आई तर आसंल की त्याला. तुमच्या त्या चिठ्ठ्या उरल्यात का?"

गुरुजींनी वळून लक्ष्मीबाईंकडे पाहिलं. लक्ष्मीबाईंनी चष्मा लावलेला होता, आणि कोरं पाकीट हातात घेऊन त्या पत्ता सांगण्याची वाट बघत होत्या.