ज्ञानदेवचं सुरक्षा सर्टिफिकेट

“पंधरा दिवसांत इलेक्ट्रिकल सेफ्टीचं सर्टिफिकेट आणा. तोवर पॅनलला हात लावायचा नाही,” नव्या सेफ्टी ऑफिसर हर्षदा मॅडमनी बजावलं. कोरेगाव भीमाजवळच्या त्या कारखान्यात ज्ञानदेव बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. एवढ्या काळात त्याला शॉक फक्त सातदा बसला होता आणि तो त्याला अनुभव म्हणत असे.

मांडवगण फराट्याला घरी आल्यावर त्यानं मोबाईल काढला. ‘इलेक्ट्रिकल’ लिहिताना तीनदा चुकल्यावर तो शब्दच सोडून दिला आणि नुसतं ‘सुरक्षा ट्रेनिंग’ टाकलं. दौंडचा पत्ता निघाला. एका दिवसात सर्टिफिकेट.

“फोन करून नीट इचारलं का?” बायको नकुशी म्हणाली.

“बावीस वर्सं हेच करतोय. मला काय इचारायचंय?”

रविवारी दौंडच्या मैदानात निवृत्त हवालदार अमजदभाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि हातात काठ्या दिल्या. “करंट लागलेल्या माणसाला लाकडानंच बाजूला करायचं असतं,” ज्ञानदेवनं शेजारच्याला जाणकारासारखं समजावलं. मग सॅल्यूट झाला. मग गेटचं रजिस्टर कसं भरायचं ते झालं. तेव्हा मात्र त्यानं हळूच विचारलं, “साहेब, करंटचं कवा घेणार?”

“मामा, हे वॉचमनचं ट्रेनिंग हाय.”

एवढ्या लोकांसमोर उठून जायची ज्ञानदेवला लाज वाटली. तो थांबला, आणि लाज झाकायला इतका जोरात सॅल्यूट ठोकत राहिला की पहिला आला.

सोमवारी मॅडमनी ते सर्टिफिकेट दोनदा वाचलं. त्या हसल्या नाहीत, ते ज्ञानदेवला जास्त लागलं.

“मोबाईलनं घोळ केला,” तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “न्हाई, मीच केला.”

“पुढच्या आठवड्यातल्या इलेक्ट्रिकलच्या बॅचला मी तुमचं नाव घालते. तोवर पॅनल रूमच्या दारावर बसा. तिथं माणूस हवाच होता. सेफ्टीचं सर्टिफिकेट नसलेलं कुणीही आत जाता कामा नये.”

ज्ञानदेव स्टुलावर बसला. अकराच्या सुमारास आतून फट् असा आवाज आला आणि अख्खी लाइन बंद पडली. मॅनेजर पृथ्वीराज साहेब धावत आले.

“ज्ञानदेव, बसलाय काय? आत जा, बघ काय झालंय.”

काय झालंय ते ज्ञानदेवला आवाजावरूनच कळलं होतं. दोन मिनिटांचं काम. हात शिवशिवत होते. तो उठला, दाराकडं वळला, आणि परत स्टुलावर बसला.

“जाता येत न्हाई, साहेब. सोडत न्हाईत.”

“कोण सोडत नाही?”

ज्ञानदेवनं मान खाली घातली. “मीच.”