गौरवायचे राहिलेले एकमेव गृहस्थ

संस्था जितकी लहान, तितके तिच्यात थोर माणसांचे प्रमाण जास्त असते. याला शास्त्रीय आधार काय, असे कुणी विचारेल, तर आधार आमचे महाविद्यालयच आहे. येथे तत्त्वज्ञान, साहित्य, इतिहास आणि (शिक्षक आले तर) संगीत शिकवतात. स्थापनेपासून आजवर एकूण तीनशे एकोणचाळीस जण शिकून बाहेर पडले. त्यांपैकी तीनशे अडतीस जणांना गेल्या वर्षापर्यंत 'गौरवमूर्ती माजी विद्यार्थी' हा सन्मान मिळालेला आहे. थोरवीचे हे प्रमाण नव्व्याण्णव पूर्णांक सात दशांश टक्के पडते. मोठमोठ्या विद्यापीठांनी याचा विचार करावा.

सन्मान दरवर्षी तेरा जणांचा होतो, कारण सभागृहाच्या मंचावर तेरा खुर्च्या मावतात. (चौदावी ठेवून पाहिली. तिच्यासह एक गौरवमूर्ती खाली आले. त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा घेण्यात आले.) प्रत्येकाला चार ओळींचे मानपत्र दिले जाते, आणि खरे सांगायचे तर सगळी जादू त्या चार ओळींतच आहे. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या माजी विद्यार्थ्याला 'अनेकांच्या डोक्यावर छप्पर धरले' असे लिहून मिळाले. निवडणुकीत तीनदा पडलेल्याला 'जनतेला निवडीचे स्वातंत्र्य सातत्याने उपलब्ध करून दिले' असे मिळाले. काहीच न करणाऱ्या एकाला मिळाले, 'गर्दीच्या जगात एक जागा मोकळी ठेवली.' तो वाचून ढसाढसा रडला आणि पुढच्याच आठवड्यात कामाला लागला. प्रस्तुत लेखकाचाही गौरव झालेला आहे, 'उत्तम श्रोता' म्हणून. आमच्या घरी तेव्हापासून मला कुणी बोलू देत नाही.

यंदा पेच पडला. सव्वीस वर्षांत तेरा-तेरा करत यादी संपली. प्राचार्यबाईंनी रजिस्टर तीनदा मोजले आणि हिशेबात एक माणूस शिल्लक निघाला. ते होते ग्रंथालयातले काका. सव्वीस वर्षे ही सगळी मानपत्रे लिहिणारे तेच, आणि निमंत्रणांवर पत्ते घालणारेही तेच. आपण रोज इथेच असतो, मग स्वतःला पाकीट कशाला, असा विचार करून त्यांनी एक पाकीट दरवर्षी वाचवले होते. आणि ज्याला पाकीट जात नाही तो माजी विद्यार्थी नव्हे, अशी समितीची कार्यपद्धती आहे.

बाईंनी त्यांना बोलावून घेतले.

"काका, तुम्ही इथेच शिकलात?"

"हो की. दुसरी तुकडी, तत्त्वज्ञान."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"येतो त्याला पुस्तक हवं असतं, बाई."

काकांनी ही बातमी घरी सांगितली तेव्हा काकूंनी भिंतीकडे पाहिले. पहिल्या वर्षी त्यांनी तिथे मानपत्रासाठी एक खिळा ठोकून ठेवला होता. रिकामा बरा दिसेना म्हणून पुढे त्यावर कॅलेंडर लावले. अशी सव्वीस कॅलेंडरे झाली.

"अहो," त्या म्हणाल्या, "काढू का यंदाचं?"

"थांब गं. आधी लिहून तर होऊ दे."

लिहिणार कोण, हा प्रश्न समितीपुढे आला. इतिहासाच्या सरांनी अकरा पाने लिहिली. त्यांत काकांचा जन्म अजून व्हायचा होता. साहित्याच्या बाईंनी काकांवर सुरुवात केली, पण दुसऱ्या ओळीपासून त्या स्वतःविषयीच लिहू लागल्या. तत्त्वज्ञानाच्या सरांनी 'माणूस म्हणजे काय?' एवढे लिहून रजा घेतली. शेवटी ठराव झाला की काकांनीच ते लिहावे, त्यांना सवय आहे.

काका तीन दिवस टेबलाशी बसले. पहिल्या दिवशी 'हे गृहस्थ ग्रंथालयात मनापासून काम करतात' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी 'मनापासून' खोडले, फुशारकी वाटत होती. तिसऱ्या दिवशी 'हे गृहस्थ असतात' एवढेच उरले, आणि संध्याकाळी तेही खोडले.

समारंभाच्या दिवशी बारा रिकाम्या खुर्च्यांशेजारी काका कडेला टेकून बसले. मानपत्राचा कागद कोरा. प्राचार्यबाईंनी सभागृहाला विनंती केली, "काकांबद्दल कुणी दोन शब्द बोलेल का?"

एकशे सोळा गौरवमूर्ती एकदम उभे राहिले. एकेक जण पुढे आला आणि त्याने स्वतःचे मानपत्र तोंडपाठ म्हणून दाखवले. छत्रीवाले, निवडणूकवाले, सगळे. (लेखकानेही म्हटले. संधी मिळाली होती.) आपण काकांविषयीच बोललो, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत होती. काका मात्र खुशीत होते. त्यांचे ओठ प्रत्येक ओळीला हलत होते, आणि कुणी शब्द चुकला की ते हळूच सांगत होते. टाळ्या इतक्या झाल्या की कागद कोराच आहे हे सगळे विसरून गेले.

मग मागच्या रांगेतून आवाज आला, "मी काही इथली विद्यार्थिनी नाही. पण बोलू का?"

काकू उभ्या होत्या.

"हे घरी आले की आधी तुमच्या सगळ्यांचं चांगलं सांगत बसतात. जेवण गार होतं. पण लग्नाला चौतीस वर्षं झाली, मला अजून शेजारणीशी धड भांडता आलेलं नाही. भांडायला गेलं, की तिच्याबद्दल ह्यांनी सांगितलेलं काहीतरी चांगलं आठवतं."

सचिवांनी ओळी मोजल्या. चार भरल्या. ठराव एकमताने संमत झाला. अक्षर चांगले असल्याने कागदावर त्या काकांनीच उतरवल्या, 'जेवण गार होतं' यासकट. ते मानपत्र आता खिळ्यावर आहे, आणि कॅलेंडर स्वयंपाकघरात.

यादी अशी पूर्ण झाली, पण खुर्च्या तेराच्या तेरा शाबूत आहेत. म्हणून समितीने पुढील वर्षापासून हा सन्मान या लेखाच्या वाचकांसाठी खुला केला आहे. शिक्षणाची अट नाही. अर्जासोबत एकच कागद जोडायचा आहे, तो म्हणजे आपण दुसऱ्या कुणाबद्दल लिहिलेल्या चार चांगल्या ओळी.

आपला अर्ज मिळाला. स्वतःविषयीची अडीच पाने समितीने आवडीने वाचली. जोडलेला कागद कोरा आहे.