नागपूरकडे टोक

आमचे राळेगावचे शेजारी दौलतभाऊ चहाला आले की आधी आमच्या घरातली मडकी मोजतात. पाण्याची नव्हे, पाण्याचं एकच आहे. ते मोजतात ती फेराइटची: स्पीकरमागची काळी चकती, चार्जरच्या पोटातला ठोकळा, संगणकाच्या वायरवरची गाठ, फ्रिजच्या दारातली चुंबकपट्टी. मागच्या खेपेला त्यांनी एकोणीस सांगितली. मी पडताळून पाहिलं तर अठराच भरली.

"फ्रिजले दारं दोन हायेत, भाऊ," ते म्हणाले. वरचं माझं राहिलं होतं.

दौलतभाऊ चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतात. फेराइटला लोखंड म्हटलेलं त्यांना खपत नाही. "लोखंडाच्या गंजाची भुकटी भट्टीत भाजली, का झालं मडकं. पडलं त फुटते." तडा आहे का ते टिचकी मारून, कान लावून बघतात. एकदा माझ्या दुखऱ्या गुडघ्यालाही त्यांनी टिचकी मारली. कानही लावला.

कोणाच्याही घरी गेले की ते आधी तिथला अख्खा रेडिओ फिरवतात. रेडिओत फेराइटची कांडी असते, तीच स्टेशन पकडते. आमचं स्टेशन नागपूरचं, म्हणून ती नागपूरला आडवी हवी. टोक तिकडे गेलं की आवाज बसतो. "नागपूरले टोक दाखवू नका," एवढं सांगून मग ते बसतात.

मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदाच त्यांच्या सयपाकघरात गेलो. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, जाऊन तीन वर्षं झाली. फळीवर त्यांचा रेडिओ चुलीकडे तोंड करून खरखरत होता. कांडीचं टोक थेट नागपूरकडे. मी तो फिरवला. बातम्या स्वच्छ ऐकू आल्या.

दौलतभाऊ पुढच्या दुकानातून उठून आले आणि त्यांनी रेडिओ परत चुलीकडे केला. खरखर सुरू झाली.

"चुलीपाशी ऐकू यावं म्हणून सुमन असाच ठेवे," ते म्हणाले. "मी येऊन फिरवो. माही पाठ वळली का पुन्हा चुलीकडं."

"रोज?"

"दिवसातून चार-पाच खेपा."

मला हे पटेना. "मंग खोलून आतली कांडीच फिरवून बसवाची ना. दोघाचंही भागलं असतं. अर्ध्या घंट्याचं काम."

"दहा मिन्टाचं."

त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"पण मंग मी सयपाकघरात कोन्त्या कामानं आलो असतो?"