कर्नल सबनिसांचा मंगळवारचा पट

कर्नल सबनिसांच्या ऑफिसात 'ठीक' म्हणायला बंदी होती. शिवी चालायची, रडणं चालायचं, सुभेदार राठींनी एकदा खुर्ची फेकली तीसुद्धा चालली. पण "ठीक आहे" म्हणालात की संपलं.

"ठीक ही माहिती नाही!" टेबलावर लाकडी रूळ आपटून कर्नल ओरडायचे. "झोप किती तास? राग किती वेळा? कोणावर? डिटेल, बाई, डिटेल!"

बाई म्हणजे मी. पुण्यात समाजकार्याची पदवी घेतली, नवऱ्याची केंद्र सरकारातली बदली झाली म्हणून गाझियाबादला आले, आणि नोएडातल्या एका ट्रस्टच्या माजी सैनिक सहाय्य केंद्रात नोकरीला लागले. उदारीकरणाचे दिवस होते. टीव्हीवर रोज नवा चॅनेल, रस्त्यावर रोज नवी गाडी, आणि गव्हाच्या शेतात रोज नवी सोसायटी. सोसायटी आली की गेट आलं, गेट आलं की गेटवर उभा राहायला माणूस आला, आणि तो माणूस हमखास आमचा असायचा. वीस वर्षं बर्फात नि वाळवंटात देश राखून झाला, आता काल गाडी शिकलेल्या पोराचा हॉर्न ऐकून फाटक उघडा! वर त्याच पोराला सलामही ठोका. कुणाची झोप उडालेली, कुणाची बाटली वाढलेली, कुणाचा बायकोवर हात उठायला लागलेला. अशा माणसांची मनं सांभाळायचं आमचं काम, आणि त्या कामाचे प्रमुख कर्नल सबनीस.

या गृहस्थांची उभी नोकरी सैन्याच्या पुरवठा खात्यात गेली होती. डाळ, रॉकेल, लोकरीचे मोजे. मोज्यांच्या जोड्या लावणाऱ्या माणसाच्या हाती मनं कुणी सोपवली, हे मला पहिलं वर्षभर कळलं नाही. शिवाजी महाराजांच्या काळी किल्ल्यावरचा हजेरीपट सबनीस राखायचा म्हणतात. बाकीचे सबनीस ते विसरून बँकेत नि रेल्वेत गेले, आमचे तेवढे आडनावाला जागले.

दर मंगळवारी सकाळी दहाला अकरा माजी सैनिक ओळीनं बसायचे आणि पट उघडायचा. बाडाएवढं लाल रजिस्टर. रकाने चार : झोप, राग, दारू, आणि 'मनातलं बोललो, कोणाशी'. दारूच्या रकान्याखाली कर्नलसाहेबांच्या अक्षरात लिहिलेलं : 'खरं लिहा. मी पुरवठ्यात होतो. मला कळतं.'

एकदा ट्रस्टची मंडळी पाहणीला आली. गुळगुळीत फाइली घेऊन आलेल्या त्या लोकांना कर्नलनी अभिमानानं पट वाचून दाखवला. "सुभेदार राठी. राग सहा वेळा. पैकी चार सुनेवर, एक केबलवाल्यावर, एक स्वतःवर. स्वतःवरचा गंभीर." राठी पहिल्याच खुर्चीत छाती काढून बसले होते, जणू पदक जाहीर होतंय. ट्रस्टच्या बाईंनी मला हळूच इंग्रजीत विचारलं, की हे सगळं कुठल्या पद्धतीनुसार चालतं? काय सांगणार, कपाळ?

बरं, हा आजार ऑफिसपुरता राहिला असता तरी चाललं असतं. कर्नल रविवारी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्य सरकारच्या जुन्या अतिथिगृहात जेवायला जायचे. एकदा मीही बरोबर होते. तिथं मुंबईहून आलेल्या एका उपसचिवांना ह्यांनी रांगेत विचारलं, "काय, कसं काय?" ते बिचारे सवयीनं म्हणाले, "ठीक." झालं! वरणभात निवेपर्यंत उपसचिवांनी अपचन, बढती आणि मेहुणा इतकं सगळं सांगून टाकलं. निघताना त्यांचे डोळे ओले होते आणि कर्नल मला सांगत होते, "बघा, ठीक होता म्हणे!"

मंगळवारी न कळवता कुणी गैरहजर राहिला की त्याच दिवशी 'तपास' निघायचा. तिघंजण, पट, आणि केंद्राची खटारा मॅटॅडोर व्हॅन. राठी एकदा पुतणीच्या लग्नाला फरिदाबादला गेले आणि कळवायचं विसरले. तपास थेट मांडवात. डोक्यावर फेटा, हातात लाडू, आणि पुढ्यात कर्नल, "झोप किती?" व्याह्यांना वाटलं, पोलीस आले.

आता माझंही सांगते, नाहीतर म्हणाल, बाई फार शहाणी. मी एक शास्त्रशुद्ध प्रश्नावली तयार केली होती. चाळीस प्रश्न, आणि प्रत्येकाखाली उत्तरं : ठीक, बरं नाही, वाईट. कर्नल आठवडाभर रजेवर होते तेव्हा ती अकराही जणांना दिली. अकरा कागद परत आले. अकरांवर चाळीसच्या चाळीस 'ठीक'! मी हरखून गेले. वाटलं, देश सुधारला. कर्नल परत आले, कागद चाळले, आणि पोट धरून हसले.

"पहिला कागद कुणी भरला?"

"राठींनी."

"राठी सगळ्यांत सिनियर. सिनियर ठीक म्हटल्यावर ज्युनियर आजारी कसा पडेल, बाई? ही पलटण आहे, तुमचं कॉलेज नाही."

मला असा राग आला म्हणून सांगू! राग अर्थात त्यांचं बरोबर होतं म्हणून आला.

अकरांपैकी दहा जण रुळाला भिऊन का होईना, बोलायचे. बोलत नव्हता तो एकटा हवालदार खाडे. साताऱ्याकडचा, चाळिशीचा, उंच, कमालीचा सभ्य. कर्नल राहत होते त्याच सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला होता. नोकरी कर्नलनीच लावून दिलेली. दर मंगळवारी दाढी घोटून यायचा, ताठ बसायचा, नाव पुकारलं की उभा राहून "ठीक, साहेब" म्हणायचा. कर्नल रूळ आपटायचे. खाडे पुन्हा म्हणायचा, "ठीक, साहेब." चौदा महिने त्याच्या ओळीतले चारही रकाने कोरे होते.

दिवाळीच्या आधी त्याची बायको मंदा मला भेटायला आली. पदराशी चाळा करत बसली आणि एकदम म्हणाली, "बाई, मारत न्हाईत, पीत न्हाईत. पर घरात माणूसच न्हाई. जेवता जेवता उठून कडी बघत्यात. पोरगी मोठ्यानं हसली तरी दचकत्यात. पोरांनी आता हसायचं सोडलंय. दिवाळी झाली की मी दोघांना घेऊन गावी जाते. कायमची."

"त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हनले, ठीक."

मी तडक कर्नलांच्या खोलीत गेले. म्हटलं, सर, पुरे झाले हे रकाने! एक संसार मोडतोय आणि तुम्ही रूळ आपटताय. त्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवा. कर्नल म्हणाले, दोनदा पाठवलाय, तिथंही ठीक म्हणून आला. मग पट पुढे ओढून त्यांनी खाडेची ओळ काढली. खिडकीबाहेर जनरेटर धडधडत होता.

"तो रकाना कोरा आहे, बाई," ते म्हणाले. "कोऱ्या रकान्याची मला भीती वाटत नाही. त्यात ठीक लिहिलेलं असलं की वाटते."

मी मनात म्हटलं, घ्या! संसार बुडाला तरी चालेल, रजिस्टर स्वच्छ हवं. त्या दिवशी मी त्यांना मनातून पार उतरवून टाकलं.

पुढच्या मंगळवारी दहा वाजले, सव्वादहा वाजले, कर्नल आलेच नाहीत. फोन नाही, निरोप नाही. अकराजण ओळीनं बसलेले, समोर बंद पट. साडेदहाला राठी उठले. "मैडम, रूल इज रूल. तपास निकलेगा."

"अहो, कर्नलांचा तपास?"

"न कळवता गैरहजर," खाडे म्हणाला. इतकं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं. पट त्यानं काखेत मारला होता.

राठी, खाडे आणि मी मॅटॅडोरमधून निघालो. खरं सांगते, वाटेत मला मजा वाटत होती. म्हटलं, म्हातारा डाराडूर झोपलेला सापडू दे, जन्मभर टोमणे मारीन.

दार कर्नलनीच उघडलं. अंगात बंडी, दाढीचे खुंट वाढलेले. ह्या माणसाला बिनइस्त्रीचा मी कधी पाहिला नव्हता. आत जमिनीवर काळी लोखंडी ट्रंक उघडी, आणि भोवती निळ्या आंतर्देशीय पत्रांचे गठ्ठे.

"काय आहे?" ते गुरकावले. मग पट दिसला. "अच्छा. तपास. मी ठीक आहे. डिसमिस!"

राठी छताकडे बघायला लागले. कर्नलला कोण बोलणार? मीसुद्धा चप्पल घालायला वळले.

"साहेब," खाडे म्हणाला, "ठीक लिहिता येत न्हाई."

तो सरळ आत गेला, जेवणाच्या टेबलावर पट उघडला, टेबलावर पडलेला रूळ घेतला आणि राठींच्या ओळीच्या वरच्या कोऱ्या जागेत एक नवी ओळ आखली. "सिनियरची वळ पहिली पाहिजे. ती कधी नव्हतीच, साहेब. सायबांच्या आधी मी कसं बोलायचं? झोप?"

"खाडे, आउट!"

"झोप, साहेब?"

"सहा तास."

"रात्री मी गेटवर असतो. तुमचा दिवा साडेतीनला मालवतो. रोज."

कर्नल खुर्ची ओढून बसले. "तीन तास," ते म्हणाले. खाडेनं लिहिलं.

"राग?"

"एकदा. रोज."

"कोणावर?"

कर्नलनी ट्रंकेकडे बोट केलं, मग ते बोट हळूच स्वतःच्या छातीवर टेकवलं. "मी लडाखला होतो. बायकोचं, सुनंदाचं, दर आठवड्याला पत्र यायचं. शेवटची ओळ ठरलेली, इकडे सर्व ठीक, काळजी नसावी. मी वाचायचो, घडी घालायचो, तारखेप्रमाणे लावून ठेवायचो. पुरवठ्यातला माणूस ना! छातीत गाठ होती तिच्या. आठ महिने. तिकडे डोंगरावर मला घोर नको म्हणून बोलली नाही. शेवटचं पत्र इस्पितळातून लिहिलेलं आहे. त्यातसुद्धा ठीकच." त्यांनी नाक ओढलं. "आज तिची तिथी. दरवर्षी पुन्हा वाचतो. कुठंतरी काहीतरी असेल, एखादा शब्द, मला तेव्हा दिसायला हवा होता असा. नाही सापडत."

दोन वर्षं ह्या माणसाच्या रुळाची मी घरी नक्कल करून दाखवत होते. नवरा हसायचा, पाहुणे हसायचे. मला माझीच लाज वाटली.

"बोललो, कोणाशी?" खाडेनं चौथ्या रकान्यावर पेन ठेवलं.

"कोणाशीही नाही." मग त्या पेनाकडे बघत, "तुझ्याशी लिही."

खाडेनं सावकाश 'हवालदार खाडे' असं लिहिलं. मग पट फिरवून साहेबांपुढे सरकवला, पेन त्यांच्या हातात दिलं आणि समोरच्या खुर्चीत बसला. कर्नलांच्या पुढ्यात त्याला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आता माझं लिवा, साहेब," तो म्हणाला.

राठी आणि मी बाहेर जिन्यावर येऊन बसलो. आत दोन तास आवाज चालू होता, एकदा चढला, एकदा फुटला. खाडेनं काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. ते पटात आहे आणि पट कुलपात असतो. राठी सारखे रुमालात नाक शिंकरत होते. मी पाहिलं तसे म्हणाले, "नोएडा में धूल बहुत है, मैडम."

दिवाळीनंतर मंदा साताऱ्याला गेली खरी, पण नवऱ्याला घेऊन, आणि परतीची तिकिटं काढून. आल्यावर मला म्हणाली, "पोरगी हसली तर अजून दचकत्यात, बाई. पर आता दचकलो म्हनून सांगत्यात."

कर्नल सुधारले असतील असं वाटत असेल, तर तसं काही नाही. त्या तपासानंतरच्याच मंगळवारी इस्त्री करून हजर, पाण्याचा जार आणणाऱ्याला दारातच अडवून त्याच्या झोपेची चौकशी सुरू. दहा वाजता पट उघडला. सगळ्यांत वर त्यांची ओळ होती. सर्वांनी माना वर केल्या. कर्नल खाकरले, चष्मा पुसला आणि घाईघाईनं म्हणाले, "मी जरा बरा आहे. पुढे, राठी!"

रांगेतून खाडे उठला, टेबलापाशी गेला, रूळ उचलला आणि आपटला.

"डिटेल, साहेब."