स्वराज नाशकातच आहे

दुसऱ्याच्या घरात डोकावायची मला सवय नाही. आमची खिडकीच शेजारच्या चिमणाबाईंच्या जिन्यासमोर आहे, त्याला मी काय करणार? (खिडकी लावून घेता येते, असं आमची ही म्हणते. पण मग हवा येत नाही.)

चिमणाबाईंची मखमलाबादकडे झेंडू-शेवंतीची शेती. त्यांचा स्वराज मस्कतला नोकरीला. त्याला सिन्नरच्या भिमाजीरावांची सुवर्णा सांगून आली होती. सगळं पसंत होतं, फक्त "पोरगी एवढ्या लांब द्यायची का?" इथे भिमाजीराव अडले होते. रविवारी येऊन ते काय तो शेवटचा शब्द देणार होते.

त्याच आठवड्यात मी वसीमच्या सायबर कॅफेत सहज डोकावलो. परगावी गेलेल्या नाशिककरांना गप्पा मारायला वसीमने एक वेबसाईट काढली होती. कोणी काही लिहिलं की शेजारी त्याचं गाव उमटायचं. दुबई, पुणे, लंडन. स्वराजने लिहिलं होतं, "मस्कतला आज फार ऊन आहे." आणि शेजारी गाव होतं: नाशिक.

"वसीम, हे चुकलंय बघ."

"चाचा, मशीन कशाला खोटं बोलेल? माणूस जिथून लिहितो ते गाव आपोआप येतं."

घरी पोचेपर्यंत मी सगळं जुळवलं. नोकरी गेली, पोरगा परत आला, आणि लाजेकाजेस्तव वरच्या खोलीत लपून बसला. त्या खोलीला बाहेरून कुलूप आणि आत पंखा चालू, हे तर मी रोजच बघत होतो. (हवेसाठी उघडलेल्या खिडकीतून.) तरी शहानिशा केलेली बरी.

"वहिनी, वर पंखा कुणासाठी चालू असतो?"

"स्वराजनं बजावलंय अण्णा, बंद करायचा नाय म्हणून. बिल लय येतं, पण करता काय? पोराचं काम हाय."

पोटचा पोरगा कुलपात, आणि ही माउली बिलाचं बोलते! संध्याकाळी मी जिना चढून त्या खोलीच्या खिडकीच्या कठड्यावर दूध-भाकरी ठेवली आणि हळूच म्हणालो, "खाऊन घे बाळा. मी कुणाला सांगणार नाही." (आमची ही, वसीम आणि किराणावाला सोडून मी कुणालाही सांगितलं नव्हतं.)

सकाळी ताटली चाटूनपुसून लख्ख. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी सायीचं दही ठेवलं. तेही गेलं.

रविवारी भिमाजीरावांना मी कोपऱ्यावरच गाठलं.

"पाहुणे, एका मुलीचा बाप म्हणून सांगतो..."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"नाही. पण असती तर सांगितलंच असतं. मुलगा मस्कतला नाही. वरच्या खोलीत आहे. मी जेवू घालतोय त्याला."

भिमाजीराव सरळ चिमणाबाईंच्या दारात जाऊन म्हणाले, "वरची खोली उघडा."

बिचारीने घाबरून कुलूप काढलं. आत टेबलावर एक कॉम्प्युटर, शेजारी हिरवे दिवे लुकलुकणारी एक डबी आणि वर गरगरणारा पंखा. खिडकीत एक गलेलठ्ठ बोका बसला होता. त्याने माझ्याकडे ओळखीने पाहिलं.

"पलंगाखाली असेल!" म्हणत मी पुढे झेपावलो, पाय वायरीत अडकला आणि सगळे दिवे विझले.

लगेच चिमणाबाईंचा मोबाईल वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर कायम चालू.

"आई, वायर कुणी काढली? सुवर्णाशी बोलत होतो, मधेच तुटलं!"

भिमाजीरावांनी फोन हातात घेतला. "कोणती सुवर्णा?"

"आपण कोण?"

"तिचा बाप."

थेट मस्कतपर्यंत शांतता पसरली.

"रोज बोलता?"

"रोज नाही, काका. नाशकात लाईट असली तरच."

मग त्याने भीत भीत सगळं सांगितलं. तिकडे इंटरनेटवरून फोन करायला बंदी, आणि साधा फोन महाग. म्हणून त्याचं बोलणं-लिहिणं सगळं आधी घरच्या या कॉम्प्युटरवर येतं आणि इथून पुढे जातं. "दिंडोरीचं फूल आपल्या बाजारातून मुंबईला गेलं की तिथं त्याला नाशिकचंच म्हणतात ना, काका? तसंच. जगाला वाटतं मी नाशकात बसलोय."

"जगाला नाय," चिमणाबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पुंजाअण्णाला."

भिमाजीराव जिन्याच्या पायरीवर बसले. चिमणाबाई पदर तोंडाला लावून उभ्या. आता हे स्थळ मोडलं, आणि मोडणारा मी, या विचाराने माझा घसा कोरडा पडला. पाणी मात्र भिमाजीरावांनी मागितलं. तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या.

"पोरगा बरा आहे. विचारलं तेवढं खरं बोलला. लग्न पक्कं. पण एक अट. लग्न लागलं की पोरगी लगेच मस्कतला जाईल. इथं ठेवायची नाही."

"अहो, पण मस्कत लांब पडतं म्हणत होता ना तुम्ही?" चिमणाबाईंनी विचारलं.

"पडत होतं. शेजार बघितला आणि जवळ वाटायला लागलं."

मी लगेच दुजोरा दिला. पलीकडचे सहादू खरंच फार चौकशा करतात.