पुढं अठ्ठावीस, मागं अठ्ठावीस

आमच्या शेजारच्या शंकरअण्णांची सायकल मी जितक्या वेळा पालथी पाहिली, तितक्या वेळा सरळ उभी काही पाहिली नाही. सीट जमिनीवर, चाकं आभाळाकडे, आणि अण्णा शेजारी पाटावर बसून हातानं पायडल फिरवतायत. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक किती फिरलं, ते मोठ्यानं मोजायचं. खुणेसाठी चाकाला लाल चिंधी बांधलेली. मी सकाळी सडा घालायला बाहेर आले की पहिलं कानावर काय पडावं? देवाचं नाव नाही. "दीड फेरा... अजून जड आहे!"

आम्ही मखमलाबाद रस्त्याची भाजीपाला आणि झेंडू करणारी माणसं. नव्वद सालाच्या आसपास आमच्या मळ्याला लागून प्लॉट पडले, तिथं पहिल्या दोन खोल्या अण्णांनी बांधल्या. ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर. लग्न केलेलं नाही. कारखान्याची बस नाक्यावर यायची, पण हा माणूस रोज सायकलनं ओझरला. का, तर बस लागते! विमानं जोडणाऱ्याला बस लागते, हे ऐकून आमचे हे जेवताना असे हसले की ठसका लागला. मी एकदा विचारलं, "अण्णा, तुम्हाला विमानात बसवलं तर काय हो कराल?" तर म्हणाले, "वहिनी, विमानाचं काय एवढं कौतुक? त्याला चढ माहीत आहे का? पेठचा घाट सायकलनं चढून दाखव म्हणावं."

पेठच्या वाटेवरचा घाट. ह्या माणसाचं सगळं घोडं अडलेलं होतं ते तिथं. घाटापलीकडच्या खेड्यात त्यांची थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच अण्णांना वाढवलेलं. दर भाऊबीजेला अण्णा सायकलनं तिकडे जात आणि चढ लागला की उतरून ढकलत घाट काढत. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि अण्णांच्या डोक्यात काय, तर घाटात कुठंही पाय न टेकता चढायचं. तेही मोकळ्या सायकलनं नाही, कॅरिअरवर वाळूचं पोतं बांधून! आता तुम्हीच सांगा, साठीकडे झुकलेल्या माणसानं घाटात वाळू कशाला न्यायची? पेठकडच्या लोकांना वाळू कमी पडलीय, असं मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

त्यापायी हा दातांचा संसार. सायकलीच्या पुढच्या चक्रीला दात, मागच्या चक्रीला दात. पुढं जास्त असले की सपाटीला पळते पण चढावर जड जाते, मागं जास्त असले की पाय हलका पडतो. एवढं मी शिकले, कारण न शिकून सुटका नव्हती. बँकेतल्या एका साहेबांनी नवी गिअरची सायकल घेतली, तर अण्णांनी त्यांना भर रस्त्यात थांबवलं. ते बिचारे कौतुकानं सांगतायत, "अठरा गिअर आहेत हिला." अण्णा उकिडवे बसून बोटानं दात मोजतायत. "अठरा म्हणे! पंधरा सपाटीचे, दोन शोभेचे. उरला एक, तो पैलवानाचा. साहेब, दात मोजा, मग बोला!" साहेबांनी पुढच्या महिन्यात स्कूटर घेतली.

हँडलांचं तर विचारू नका. पहिलं आणलं शर्यतीचं, मेंढ्याच्या शिंगासारखं वाकडं. त्यावर ओणवे झालेले अण्णा म्हणजे विहिरीत पडलेली कळशी शोधणारा माणूस. म्हसरूळच्या चढावर मागच्या पोत्यानं पुढचं चाक उचललं, आणि अण्णा, सायकल, पोतं असे तिघंही रस्त्याकडेच्या चारीत. दुसरं आणलं काठीसारखं सरळ, त्यानं तळहाताला मुंग्या आल्या. तिसरं छातीपर्यंत वर वळलेलं. त्यावर अण्णा असे ताठ बसायचे, की घोड्यावरचा नवरदेव परवडला. शेवटी जुन्या बाजारातून आलं ते दूधवाल्याचं, रुंद, जाडजूड, गंज चढलेलं.

"मागं वजन असलं की पुढचं चाक नाचतं, वहिनी. रुंद हँडल असलं की ताब्यात राहतं."

"एवढा खटाटोप करून शेवटी दूधवाल्यापाशीच आलात ना? त्यालाच आधी विचारायचं होतं," मी म्हटलं.

ह्या पोत्यानं मलाही कामाला लावलं होतं. आमच्याकडे भाजीची पोती मोजायचा मोठा, खाली फळी असलेला काटा. पेठकडून भाच्याचं पोस्टकार्ड आलं की दोन दिवसांत अण्णा पोतं खांद्यावर घेऊन दारात हजर. "वहिनी, काटा रिकामा आहे का?" आधी पोतं बावन्न किलोचं होतं. मग पन्नास झालं. मग सत्तेचाळीस. प्रत्येक खेपेला वाटीवाटीनं वाळू काढायची, पुन्हा मोजायचं, पाव किलोचाही फरक चालायचा नाही. मेथी-कोथिंबिरीला आलेल्या बायका ताटकळत उभ्या, आणि माझ्या काट्यावर वाळू!

एकेचाळीसवर आलं तेव्हा मला राहवलं नाही. चारचौघींत म्हटलं, "काय अण्णा, गिअर हलका होईना, म्हणून पोतंच हलकं करत चाललात? ही तर परीक्षेतली कॉपी झाली!"

बायका खो खो हसल्या. अण्णा हसले नाहीत. "गुडघा खोटं बोलत नाही, वहिनी," एवढंच म्हणाले, आणि पोत्याला गाठ मारून निघून गेले. उत्तर सुचलं नाही म्हणून तोंड लपवलं, असं मी घरात सांगितलं.

निवृत्त झाले त्या वर्षी त्यांना कुठूनसा मनासारखा जोड मिळाला. पुढं अठ्ठावीस दात, मागं अठ्ठावीस. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, आणि चिंधी बरोब्बर जागच्या जागी. ह्या आनंदात त्यांनी आळीत पेढे वाटले. आमचे हे पेढा खाऊन म्हणाले, "अण्णा, ह्या वेगानं गेलात तर मुंगी ओलांडून जाईल तुम्हाला."

"जाऊ द्या मुंगीला. मला घाई नाही."

त्या दिवाळीत भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, उजाडता उजाडता अण्णा निघाले. पोतं ओट्यावरच राहिलेलं. मी हाक मारली, "अहो अण्णा, पोतं विसरलात!"

"आता नको," म्हणाले. कॅरिअरवर गोधडीची घडी करून सुतळीनं आवळली होती. मनात म्हटलं, जन्मभर वाळू वाहिली, आणि ऐन घाटाच्या दिवशी सुट्टी!

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नाक्याकडून सायकल येताना दिसली. दूधवाल्याच्या हँडलमागं अण्णा, आणि गोधडीवर एका अंगाला पाय सोडून बसलेली एक चिमुकली म्हातारी. नऊवारीच्या घड्यांतसुद्धा धूळ साचलेली.

"आक्का," अण्णा म्हणाले. "अकरा वर्षांनी माहेराला आलीय."

मी तिला धरून उतरवलं आणि अण्णांवर ओरडले. "अहो, जीप का नाही केली ह्या वयात?"

अण्णांच्या आधी आक्काच बोलली. "जीपमधी बसलं का पोटातलं समदं भाईर येतं, बाई. आमच्या घराण्यालाच गाडी सोसत नाय. आदी पायी यायचे, आता पाय राह्यले नाय. ह्यो म्हनला, थांब, तुझ्याजोगी सायकल करतो. लय वर्सं लावली मेल्यानं, पन केली."

मी तिच्या हाताला धरलेलं होतं. मनगट म्हणजे नुसती काडी. दवाखान्यात वजन झालं की भाचा पोस्टकार्डात लिहीत असणार. बावन्न, पन्नास, सत्तेचाळीस. आणि एकेचाळीस, ज्या दिवशी मी चारचौघींत कॉपी म्हणाले होते.

आमच्या ह्यांनी हळूच विचारलं, "अण्णा, चढला का घाट?"

"निम्मा. पुढं गुडघा बोलला. मग उतरलो, ढकलत आणली."

"मी म्हनलं मी बी उतरते, तर अंगावर वरडला!" आक्का म्हणाली.

"पण हँडल, वहिनी!" अण्णांचे डोळे चमकले. "ढकलायला ह्यासारखं हँडल नाही. जरासुद्धा डगमगलं नाही."

इतकी वर्षं दात मोजून शेवटी ढकलतच आणली ना? ओठांवर आलं होतं. पण मी आक्काला हात धरून आत नेलं.

आक्का पंधरा दिवस राहिली. अण्णांना बाजरीची भाकरी थापता येते, हे मी तेव्हा पाहिलं. मी रोज दूध आणि तूप पोचवत होते. परत जायच्या आदल्या दिवशी अण्णा तिला घेऊन आमच्याकडे आले. "वहिनी, काटा रिकामा आहे का?"

"मी काय भाजी हाय का रं?" आक्का कुरकुरली, पण फळीवर बसली, पदर नीट करून, फोटोला बसावं तशी.

त्रेचाळीस. अण्णांनी वाकून दोनदा पाहिलं. मग आपल्या ओट्यावरचं पोतं ओढत आणलं, गाठ सोडली आणि आधी काढून ठेवलेली वाळू वाटीनं आत टाकायला लागले. तोंडाचा पट्टा चालूच. "दोन किलो! आता दात पुन्हा मोजणं आलं. वहिनी, तूप घालून घालून सगळं गणित बिघडवलंत तुम्ही माझं!"

वाळू पोत्यात कमी आणि बाहेर जास्त पडत होती. मी पुढं झाले आणि पोत्याचं तोंड धरलं.